तारापूरच्या जुन्या अणुभट्ट्या बाहेरच्या तज्ज्ञांनाही तपासू द्या

मा. संपादक,
स. न.

२०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुवीज क्षमता उभी करण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केले. तेव्हापासून अणुऊर्जेविषयी जे काही वाचायला मिळते, त्यात नवे प्रकल्प, छोट्या अणुभट्ट्या आणि खासगी गुंतवणूक यांचाच बोलबाला आहे. ज्या अणुभट्ट्या अर्ध्या शतकाहून अधिक काळ आपल्याच किनाऱ्यावर उभ्या आहेत, त्यांच्या प्रकृतीविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे की, तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांकडून यापुढेही वर्षानुवर्षे काम घ्यायचे असेल, तर त्यांच्या दीर्घकालीन सुरक्षिततेची तपासणी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पथकाकडून करून घ्यावी आणि त्या पथकाचा अहवाल जसाच्या तसा लोकांसमोर ठेवावा.

मी अणुशास्त्रज्ञ नाही. खासगी कारखान्यांतील बॉयलर आणि वाफेच्या नळांचे जोड तपासण्यात माझी नोकरी गेली आणि निवृत्तीनंतर मी बोईसरला राहतो. त्यामुळे अणुभट्टीतील भौतिकशास्त्राबद्दल अधिकाराने बोलणार नाही. पोलाद, वेल्डिंग आणि तपासणी यांविषयी मात्र दोन गोष्टी सांगू शकतो, आणि अणुभट्टीच्या म्हातारपणाचा बराचसा प्रश्न याच तीन गोष्टींचा आहे.

तारापूरच्या १ आणि २ क्रमांकाच्या अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या आराखड्याच्या असून त्या १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाल्या. मूळ क्षमता प्रत्येकी २१० मेगावॅट होती. पुढे दुय्यम वाफजनित्रांच्या नळ्या गळू लागल्याने ती यंत्रणा बाजूला काढावी लागली आणि क्षमता १६० मेगावॅटवर आणण्यात आली. २०२० मध्ये, आधी पहिली आणि काही महिन्यांनी दुसरी, अशा दोन्ही अणुभट्ट्या अंतर्गत पाणी फिरवणाऱ्या मोठ्या नळांच्या कामासाठी बंद करण्यात आल्या. हे नळ बदलणे हे काही किरकोळ देखभालीचे काम नव्हे. ते का करावे लागते, हे कळले की आंतरराष्ट्रीय सहकार्याची गरजही आपोआप कळते.

त्या काळातील अणुभट्ट्यांत ‘३०४’ जातीचे स्टेनलेस स्टील सर्रास वापरले जाई. या पोलादाचे दोन नळ वेल्डिंगने जोडले की जोडाच्या दोन्ही बाजूंची काही मिलिमीटर रुंदीची पट्टी तापते. पोलादातील कार्बन तेथील क्रोमियमला कणांच्या सीमेवर धरून ठेवतो आणि गंजापासून राखण करणारे क्रोमियम नेमके त्या सीमेवर कमी पडते. नळातून पावणेतीनशे अंशांच्या वर तापमानाचे, प्राणवायू विरघळलेले पाणी वाहत असते आणि वेल्डिंगने आलेला ताण जोडात कायमचा राहिलेला असतो. मग आतल्या बाजूने केसासारखा तडा सुरू होतो आणि कणांच्या सीमेसीमेने बाहेर सरकतो. बाहेरून पाहावे तर नळ चकचकीत दिसतो. तपासनीस त्यावर जेल लावतो, अल्ट्रासॉनिकचा प्रोब इंच-इंच सरकवतो आणि पडद्यावर उमटणाऱ्या प्रतिध्वनीवरून आतले चित्र ताडतो. अडचण अशी की, जोडाच्या मुळाशी असलेला निरुपद्रवी उंचवटा आणि खरा तडा यांचे प्रतिध्वनी पुष्कळदा सारखेच दिसतात. ज्याने खरा तडा गेलेला नळ कधी हाताळलाच नाही, त्याला तो ओळखता येईलच, असे छातीठोकपणे सांगता येत नाही.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात, ओंटारिओ सरोवराच्या काठी ‘नाइन माइल पॉइंट’ केंद्राची पहिली अणुभट्टी आहे. तीही जनरल इलेक्ट्रिकची आणि १९६९ चीच. तेथील मोठ्या नळांची अल्ट्रासॉनिक तपासणी १९८१ मध्ये झाली होती आणि तीत काहीही सापडले नव्हते. पुढच्याच वर्षी पाण्याच्या दाबाची चाचणी घेताना गळती दिसली आणि जोडांजवळचे तडे उघडकीस आले. तेथील नळ लगोलग बदलण्यात आले. शिवाय अमेरिकी नियामकाने ठरवून दिले की, तपासनीसांनी खऱ्या तडे गेलेल्या नमुन्यांवर आपले कौशल्य सिद्ध केल्याशिवाय त्यांचा निष्कर्ष ग्राह्य धरला जाणार नाही. एका केंद्रातील चूक अशा रीतीने त्या देशातील सगळ्या केंद्रांची शिकवणी झाली.

त्याच कुळातील तारापूर केंद्राला ही शिकवणी त्या वेळी घरच्यासारखी मिळायला हवी होती. तेव्हा राजकीय हवा वेगळी होती. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर आणि विशेषतः अमेरिकेच्या १९७८ च्या अण्वस्त्र प्रसारबंदी कायद्यानंतर तारापूरचे इंधन अडले. ते पुढे फ्रान्सने, मग चीनने आणि त्यानंतर रशियाने पुरवले. इंधनाची ही कहाणी अनेकांना ठाऊक आहे. सुटे भाग, मूळ उत्पादकाचे तांत्रिक सल्ले आणि नियामकांमधला नेहमीचा संवाद हेही त्याबरोबर आटले, याची चर्चा तेवढी होत नाही. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाशी सुरक्षेविषयीची बोलणी पुन्हा सुरू व्हायला २००३ साल उजाडले. नाइन माइल पॉइंटचे नळ १९८० च्या दशकाच्या आरंभी बदलले आणि तारापूरचे काम २०२० मध्ये हाती घेतले गेले, या अंतराला केवळ निर्बंध कारणीभूत होते, असे मी म्हणणार नाही. मधल्या काळात आपल्या अभियंत्यांनी परक्या आराखड्याची अणुभट्टी बहुतांशी स्वबळावर चालवली, २००५-०६ मध्ये दोन्ही अणुभट्ट्यांतील सामाईक यंत्रणा वेगळ्या करून सुरक्षेची मोठी कामे केली, आणि याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण अण्वस्त्रांच्या भांडणात गळक्या नळाची माहितीही अडकून पडावी, हा प्रकार मुळातच अविचाराचा होता. अपघात झालाच असता, तर किरणोत्साराने प्रसारबंदी करारावर कोणी सही केली आहे आणि कोणी नाही, याची चौकशी केली नसती.

सहकार्य म्हणजे काय, याचे उदाहरण युरोपात आहे. बेल्जियममधील डोएल केंद्राच्या तिसऱ्या अणुभट्टीच्या दाबपात्रात, म्हणजे इंधनाचा गाभा ज्यात असतो त्या जाड पोलादी भांड्यात, २०१२ च्या तपासणीत हजारो बारीक दोष आढळले. तिहांज केंद्रातील दुसऱ्या अणुभट्टीतही तसेच दोष निघाले. पात्र ओतून घडवताना पोलादात राहिलेल्या हायड्रोजनमुळे ते झाले होते, असा निष्कर्ष निघाला. बेल्जियमच्या नियामकाने ही गोष्ट झाकून ठेवली नाही. देशोदेशींच्या तज्ज्ञांना बोलावून त्यांच्यापुढे ती मांडली. पश्चिम युरोपातील नियामकांच्या संघटनेने इतर देशांनाही आपापली दाबपात्रे त्या दृष्टीने तपासायला सांगितले आणि त्या तपासणीत २०१५ मध्ये स्वित्झर्लंडच्या बेझनाऊ केंद्रातील पहिल्या अणुभट्टीच्या पात्रातही खुणा सापडल्या. ही अणुभट्टीही १९६९ चीच. तेथील खुणा हायड्रोजनच्या नव्हत्या, अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या कणांच्या होत्या. पण ते सिद्ध होईपर्यंत तीन वर्षे अणुभट्टी बंद ठेवण्यात आली आणि २०१८ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. बेल्जियममध्ये सापडलेल्या दोषामुळे स्वित्झर्लंडमधील पात्र तपासले गेले, ही साखळी मला फार महत्त्वाची वाटते. अर्थात युरोपात सगळे आलबेल होते, असेही नाही. तिहांजपासून सीमेपलीकडे असलेल्या जर्मनीतील आखेन शहराने २०१७ मध्ये आपल्या नागरिकांना आयोडीनच्या गोळ्या वाटल्या, म्हणजे शेजाऱ्याचा शास्त्रीय खुलासा त्यांना पुरेसा वाटला नव्हता. पुढे डोएलची ती अणुभट्टी २०२२ मध्ये आणि तिहांजची २०२३ मध्ये बंद झाली.

यावर कोणी म्हणेल की, आता माहितीची देवाणघेवाण होतेच. मग बाहेरचे पथक कशाला? त्याचे उत्तर जपानच्या मिहामा केंद्रात आहे. ९ ऑगस्ट २००४ रोजी तेथील तिसऱ्या अणुभट्टीच्या टर्बाइनघरात गरम पाण्याचा एक मोठा नळ फुटला आणि वाफेत होरपळून पाच कामगारांचा मृत्यू झाला. मूळचा दहा मिलिमीटर जाडीचा तो नळ वाहत्या पाण्याने आतून झिजत झिजत फुटलेल्या जागी दीड मिलिमीटरपेक्षाही पातळ झाला होता. याच प्रकारचा अपघात १९८६ मध्ये अमेरिकेतील सरी केंद्रात घडून चार जणांचा जीव गेला होता आणि त्यावरून जपानने नळांच्या जाडीच्या तपासणीचे नियमही केले होते. म्हणजे माहिती पोहोचली होती, नियम झाले होते, कागद तयार होते. फक्त तो विशिष्ट भाग तपासणीच्या यादीत घालायचा राहून गेला होता आणि १९७६ मध्ये अणुभट्टी सुरू झाल्यापासून त्याची जाडी एकदाही मोजली गेली नव्हती. ज्याने कारखान्यात काम केले आहे, त्याला हे वाचून आश्चर्य वाटणार नाही. यादी जे करतात, तेच वर्षानुवर्षे ती पाहत असतात आणि जे यादीत नाही, ते त्यांना दिसत नाही. त्यासाठी परका डोळा लागतो. तोही दिल्लीत किंवा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या व्हिएन्नातील कचेरीत बसून कागद चाळणारा नव्हे, तर टर्बाइनघरात उतरून ‘या कोपराची जाडी शेवटची कधी मोजली?’ असे विचारणारा.

असे डोळे उपलब्ध आहेत. चेर्नोबिलनंतर १९८९ मध्ये अणुवीज केंद्रचालकांची जागतिक संघटना, ‘वानो’, स्थापन झाली. ती एकमेकांच्या केंद्रांची तपासणी घडवून आणते आणि आपली केंद्रेही तिच्यात सामील आहेत. मात्र तिचे अहवाल सभासदांपुरतेच गोपनीय राहतात. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची ‘ओसार्ट’ पथके केंद्राचा एकूण कारभार पाहतात आणि ‘साल्टो’ नावाची पथके खास जुन्या अणुभट्ट्यांसाठी असतात: कोणते भाग बदलता येतात, कोणते येत नाहीत, त्यांच्या झिजेची नोंद कशी ठेवली आहे, तीस वर्षांपूर्वीच्या केबलींचे आवरण अजून टिकाऊ आहे का, आणि जुनी माणसे निवृत्त होताना त्यांचे ज्ञान कोणाकडे जाते, हे ती बघतात. पथकाला दंड करण्याचा किंवा केंद्र बंद करण्याचा अधिकार नाही. यजमान देशाने बोलावल्याशिवाय ते येतही नाही. १९९४ च्या अणुसुरक्षा कराराची रचनाही अशीच आहे. भारताने २००५ मध्ये मान्यता दिलेला हा करार सांगतो की, जुन्या केंद्रांत वाजवी त्या सर्व सुधारणा तातडीने कराव्यात आणि त्या करणे शक्य नसेल, तर केंद्र व्यवहार्य असेल तितक्या लवकर बंद करण्याचा आराखडा करावा. पण ते बंधन मोडल्यास शिक्षा नाही. दर तीन वर्षांनी इतर देशांसमोर बसून उत्तरे द्यायची, एवढेच. काहींना हे दात नसलेले वाटते. मला वाटते की, जाणकार समव्यावसायिकासमोर उत्तर देण्याची वेळ आली की माणूस घरचा अभ्यास नीट करतो.

सहकार्याचा अर्थ प्रत्येक वेळी दुरुस्तीच असतो, असेही नाही. सोव्हिएत संघ कोसळल्यावर पूर्व युरोपातील पहिल्या पिढीच्या अणुभट्ट्यांना, ज्यांभोवती पूर्ण बंदिस्त कवचच नव्हते, सुधारण्यासाठी ‘जी-७’ राष्ट्रांनी १९९२ च्या म्युनिक परिषदेत निधीची कल्पना मांडली आणि युरोपीय पुनर्रचना व विकास बँकेत अणुसुरक्षा खाते उघडले गेले. बल्गेरियाच्या कोझलोदुय केंद्राला त्यातून मदत मिळाली, पण शेवटी युरोपीय संघात प्रवेशाची अट म्हणून तेथील चार अणुभट्ट्या बंद कराव्या लागल्या. २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय पथकाने तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीतील सुधारणांविषयी चांगला अभिप्राय दिला असूनही २००६ च्या अखेरीस त्या थांबल्या, याचा सल अनेक बल्गेरियनांच्या मनात अजून आहे. तांत्रिक तपासणीचा निष्कर्ष राजकीय सौद्याखाली दबला की तपासणीवरचाच विश्वास उडतो.

आर्मेनियाची गोष्ट याच्या उलट आहे. डिसेंबर १९८८ च्या स्पिटाक भूकंपानंतर तेथील मेत्सामोर केंद्र खबरदारी म्हणून बंद केले गेले. केंद्राचे नुकसान झाले नव्हते. पण पुढे युद्ध आणि नाकेबंदीच्या काळात देशाला दिवसाकाठी तास-दोन तास वीज मिळू लागली, येरेवानमधील उद्यानांतली झाडे सरपणासाठी तुटली आणि १९९५ मध्ये दुसरी अणुभट्टी पुन्हा सुरू करावी लागली. युरोपीय संघाने ती बंद करण्यासाठी आर्थिक मदत देऊ केली, तरी पर्यायी वीज नसल्याने आर्मेनियाने ती घेतली नाही. २०२१ मध्ये रशियन तंत्रज्ञांनी त्या अणुभट्टीचे दाबपात्र सुमारे ४७५ अंशांपर्यंत तापवून, न्यूट्रॉनांच्या माऱ्याने ठिसूळ झालेल्या पोलादाला पुन्हा लवचीकपणा आणला. हीच प्रक्रिया फिनलंडने लोविसा केंद्रात १९९६ मध्ये केली होती. लोविसा हे तर सहकार्याचे चालतेबोलते प्रदर्शनच आहे: अणुभट्टी सोव्हिएत, बंदिस्त कवचाची रचना अमेरिकी पद्धतीची आणि तपासणी फिनिश नियामकाची.

आता पुन्हा आपल्याकडे वळतो. बाहेरून शिकण्याची भारतीय अणुक्षेत्राला अॅलर्जी आहे, असा माझा आरोप नाही. कॅनडातील पिकरिंग केंद्रात १९८३ मध्ये एक दाबनळी, म्हणजे इंधन आणि गरम पाणी जिच्यात असते ती नळी, फुटली, तेव्हा त्याच धर्तीच्या आपल्या रावतभाटा आणि कल्पाक्कम येथील अणुभट्ट्यांतील नळ्यांचा धोका ओळखून आपण त्या टप्प्याटप्प्याने सुधारित मिश्रधातूच्या नळ्यांनी बदलल्या. त्यानंतर मार्च २०१६ मध्ये गुजरातेतील काकरापार केंद्रात सुधारित मिश्रधातूची नळीही गळली. तिच्या बाहेरच्या पृष्ठभागावर गंजाचे ठिपके सापडले, जे अपेक्षित नव्हते. अशा प्रकारच्या अणुभट्ट्या चालवणाऱ्या प्रत्येक देशाला त्या ठिपक्यांची माहिती हवी असणार. म्हणजे आपण केवळ घेणारे नाही, देणारेही आहोत. २०१२ मध्ये रावतभाट्याच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीची तपासणी ‘ओसार्ट’ पथकाने केली आणि २०१५ मध्ये दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय पथकाने आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा कारभार पाहिला. त्या पथकाने मंडळाला कायद्याने स्वतंत्र स्थान द्यावे, अशी शिफारस केली. महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्येच हे सांगितले होते. नियामक मंडळ अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी आणि आयोगाचा अध्यक्ष हाच केंद्रे चालवणाऱ्या खात्याचा सचिव, ही रचना म्हणजे एसटीच्या जुन्या गाड्यांचे पासिंग एसटीच्याच आगारप्रमुखाने करण्यासारखी होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ‘शांती’ कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला, हे चांगले झाले. मात्र त्याच कायद्याने खासगी कंपन्यांनाही दार उघडले आहे. त्यामुळे तपासणी अधिक उघड असण्याची गरज वाढली आहे, कमी झालेली नाही.

राष्ट्रीय सुरक्षेचा मुद्दा लगेच पुढे केला जाईल, याची मला कल्पना आहे. तारापूरच्या बाबतीत तो टिकत नाही. या दोन अणुभट्ट्या १९७१ च्या भारत, अमेरिका आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्या त्रिपक्षीय करारापासून त्याच संस्थेच्या देखरेखीखाली आहेत. अमेरिकेशी झालेल्या कराराची मुदत १९९३ मध्ये संपली, तरी भारताने ती देखरेख स्वखुशीने चालू ठेवली. संस्थेचे निरीक्षक येतात, इंधनाच्या जुडग्यांचा हिशेब घेतात, सील तपासतात आणि जातात. युरेनियमचा ग्रॅम-ग्रॅम मोजायला ज्या संस्थेची माणसे आत येऊ शकतात, त्याच संस्थेची दुसरी माणसे नळाच्या जोडावर प्रोब कसा फिरवला, हे पाहायला आली, तर कोणते गुपित फुटणार आहे? आपण जगाची खात्री पटवतो की येथील युरेनियम बॉम्बकडे वळत नाही. चिंचणी, घिवली, उनभाट येथील माणसांना मात्र अणुभट्टीच्या प्रकृतीविषयी तेवढीच खात्री मागण्याचा हक्क नाही, असे कसे चालेल?

म्हणून अणुऊर्जा विभागाला आणि पालघर जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींना माझी विनंती आहे. तारापूर १ आणि २ साठी ‘साल्टो’ पथकाला निमंत्रण द्यावे. २०२० पासून नळांवर झालेल्या कामाचे आणि न बदलता येणाऱ्या भागांचे, त्यातही दाबपात्राचे, मूल्यमापन पथकापुढे ठेवावे. दीड-दोन वर्षांनी त्याच पथकाला पाठपुराव्यासाठी पुन्हा बोलवावे, कारण शिफारस स्वीकारणे आणि ती अमलात आणणे यांत किती अंतर पडते, हे सरकारी कामाचा अनुभव असलेल्या कोणालाही सांगायला नको. दोन्ही अहवाल, मराठी गोषवाऱ्यासह, जिल्हाधिकारी कार्यालयात आणि आसपासच्या ग्रामपंचायतींत उपलब्ध करावेत. पथकाने ‘चालवा’ म्हटले तर चालवाव्यात. ‘एवढे केल्याशिवाय चालवू नका’ म्हटले, तर तेवढे करावे. आणि त्या खर्चात ३२० मेगावॅट परवडत नसतील, तर शेजारीच प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्या आहेत, हे लक्षात घेऊन जुन्या जोडीला निवृत्त करण्याचे वेळापत्रक जाहीर करावे.

आपला नम्र,
एक निवृत्त वेल्डिंग निरीक्षक,
बोईसर, जि. पालघर